२०२६ मध्ये आयएसओ एक्सरसाइज करताय? आधी एएमटीचं गणित मांडा

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांत गेली काही वर्षं एक वाक्य फार ऐकू येतं, "एएमटी आता कुणाला लागत नाही रे." एएमटी म्हणजे अल्टरनेटिव्ह मिनिमम टॅक्स, नेहमीच्या टॅक्सला समांतर असा दुसरा हिशोब. हे वाक्य खोटं नव्हतं. २०१७ च्या टॅक्स कायद्याने एएमटीचं एक्झम्प्शन (ज्यावर एएमटी लागत नाही ती रक्कम) एवढं वाढवलं की आधी साधारण ५० लाख कुटुंबं एएमटी भरत होती ती २०१८ मध्ये दोन लाखांच्या आसपास आली. तेव्हापासून मध्यम मोठ्या पगारवाल्यांनी हा विषय डोक्यातून काढून टाकला, आणि जे २०१८ नंतर इकडे आले त्यांनी तर हे नावच ऐकलेलं नसतं.

पण ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या नवीन कायद्याने २०२६ पासून नियम बदललेत. सगळ्यांसाठी नाही. ज्यांच्याकडे आयएसओ म्हणजे इन्सेंटिव्ह स्टॉक ऑप्शन्स (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क) आहेत आणि पगार अधिक आरएसयू (कंपनीकडून पगारासोबत मिळणारे शेअर) मिळून इन्कम बऱ्यापैकी वर गेलंय, त्यांच्यासाठी. मी स्वतः आयएसओ एक्सरसाइज करून, म्हणजे तो हक्क वापरून शेअर घेऊन, यातून गेलोय आणि आता सीझनमध्ये लोकांचे रिटर्न पण भरतो, त्यामुळे क्लायंट नेमके कुठे अडकतात ते रोज बघतो. तुमच्याकडे आयएसओ नसतील आणि घरचं इन्कम पाच लाख डॉलरच्या खाली असेल तर पायरी २ मधला सॉल्टचा (स्टेट आणि लोकल टॅक्सच्या वजावटीचा) भाग तेवढा वाचा आणि बाकी सोडलंत तरी चालेल.

पायरी १: तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघा

कंपनीचा ग्रँट लेटर उघडा. त्यावर आयएसओ, एनएसओ (साधे, नॉन-क्वालिफाइड ऑप्शन्स) किंवा आरएसयू असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आरएसयू व्हेस्ट झाले, म्हणजे पूर्णपणे तुमच्या हक्काचे झाले, की ते पगारात धरले जातात आणि टॅक्स तिथल्या तिथे कापला जातो. एनएसओ एक्सरसाइज केले तर स्प्रेड, म्हणजे त्या दिवसाची शेअरची किंमत वजा तुमची स्ट्राइक प्राइस (ग्रँटमध्ये ठरलेली खरेदीची किंमत), हे पण डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा फॉर्म) मध्ये येतं. या दोन्हींत एएमटीचा थेट संबंध नाही.

आयएसओची गंमत वेगळी. एक्सरसाइज केलं आणि शेअर विकले नाहीत तर रेग्युलर टॅक्समध्ये त्या दिवशी शून्य इन्कम, डब्ल्यू-२ मध्ये काही नाही, पे-स्लिपवर काही नाही, कुणी एक डॉलर कापत नाही. पण एएमटीच्या हिशोबात तोच स्प्रेड इन्कम म्हणून धरला जातो. म्हणजे हातात पैसा आलेला नाही, शेअर कदाचित प्रायव्हेट कंपनीचे आहेत, विकताही येत नाहीत, आणि टॅक्स मात्र लागलाय. २००० साली डॉटकॉमच्या वेळी बऱ्याच लोकांनी शेअर वर असताना एक्सरसाइज केलं, वर्ष संपायच्या आत विकले नाहीत, भाव पडला, आणि एप्रिलमध्ये शेअरच्या किमतीपेक्षा टॅक्सचं बिल मोठं. शेवटी काँग्रेसला त्यांच्यासाठी २००६ आणि २००८ मध्ये वेगळा दिलासा द्यावा लागला.

(मूळ कल्पना वाईट नव्हती. १९६९ मध्ये ट्रेझरी सेक्रेटरी जोसेफ बार यांनी काँग्रेसला सांगितलं की दोन लाख डॉलरच्या वर इन्कम असलेल्या १५५ जणांनी फेडरल इन्कम टॅक्स अजिबात भरला नाही, त्यावरून एवढा गदारोळ झाला की मिनिमम टॅक्स आणला. ते १५५ जण राहिले बाजूला, सापडतोय स्टार्टअपमधला इंजिनिअर.)

पायरी २: २०२५ आणि २०२६ मधला फरक समजून घ्या

एएमटी म्हणजे समांतर हिशोब. तुमचा टॅक्स दोनदा काढायचा, एकदा नेहमीच्या नियमांनी, एकदा एएमटीच्या नियमांनी, जो जास्त येईल तो भरायचा. एएमटीत स्टँडर्ड डिडक्शन नाही, स्टेट टॅक्स आणि प्रॉपर्टी टॅक्सची वजावट नाही, पण त्याऐवजी एक मोठं एक्झम्प्शन मिळतं आणि रेट दोनच, २६ टक्के आणि २८ टक्के.

२०२६ साठी एक्झम्प्शन जॉइंट रिटर्नला १,४०,२०० डॉलर आणि सिंगलला ९०,१००. २०२५ मध्ये हेच १,३७,००० आणि ८८,१०० होतं. म्हणजे वाढलंच की! इथेच लोक वाचायचं थांबतात.

खरा बदल फेजआउटमध्ये आहे. इन्कम एका मर्यादेच्या वर गेलं की हे एक्झम्प्शन हळूहळू काढून घेतात. २०२५ मध्ये ती मर्यादा सिंगलला ६,२६,३५० आणि जॉइंटला १२,५२,७०० होती, २०२६ मध्ये ती खाली आणून ५,००,००० आणि १०,००,००० केली. वर काढून घ्यायचा वेग दुप्पट केला, आधी मर्यादेच्या वरच्या प्रत्येक डॉलरमागे २५ सेंट एक्झम्प्शन जायचं, आता ५० सेंट.

एक उदाहरण घ्या. सिंगल इंजिनिअर, पगार आणि आरएसयू मिळून ४,५०,०००, आणि आयएसओचा स्प्रेड २,३०,०००. एएमटीचं इन्कम ६,८०,०००. २०२५ च्या नियमांनी त्याच्याकडे साधारण ७४,६८७ डॉलरचं एक्झम्प्शन शिल्लक राहिलं असतं. २०२६ मध्ये मर्यादेच्या वर १,८०,०००, त्याचे निम्मे ९०,०००, म्हणजे ९०,१०० मधले फक्त १०० डॉलर उरले. शंभर! नुसत्या एवढ्या फरकाने एएमटीच्या बाजूचा टॅक्स वीस हजार डॉलरच्या वर वाढला, इन्कम तेच असताना.

आणि फेजआउटच्या पट्ट्यात असताना प्रत्येक जादा डॉलरवर २८ टक्के नाही तर प्रत्यक्षात ४२ टक्के पडतात, कारण एक डॉलर इन्कम वाढलं की अर्धा डॉलर एक्झम्प्शन पण जातं. हा पट्टा सिंगलला ५,००,००० ते ६,८०,२०० आणि जॉइंटला १०,००,००० ते १२,८०,४००. या पट्ट्यात असताना आयएसओ एक्सरसाइज करणं म्हणजे सगळ्यात महाग वेळ निवडणं.

आता सॉल्ट. स्टेट आणि लोकल टॅक्सच्या वजावटीची मर्यादा १०,००० वरून २०२५ ला ४०,००० केली, २०२६ ला ४०,४००. कॅलिफोर्निया, न्यू जर्सीवाले खूश, आणि बरोबरच आहे. पण ही वजावट फक्त रेग्युलर टॅक्समध्ये मिळते, एएमटीत ती इन्कममध्ये पुन्हा जोडली जाते. म्हणजे तुमचा रेग्युलर टॅक्स खाली आला पण एएमटीची बाजू जिथल्या तिथे. दोघांतलं अंतर कमी झालं की एएमटीत शिरायला कमी धक्का पुरतो. इन्कम ५,०५,००० च्या वर गेलं की ही सॉल्टची वाढीव मर्यादा पण कमी होत जाऊन पुन्हा १०,००० वर येते, ते वेगळंच.

पायरी ३: कागद गोळा करा

- ग्रँट अ‍ॅग्रीमेंट आणि व्हेस्टिंग शेड्यूल
- स्ट्राइक प्राइस आणि सध्याची फेअर मार्केट व्हॅल्यू. प्रायव्हेट कंपनी असेल तर ताजं ४०९ए व्हॅल्युएशन (प्रायव्हेट शेअरची टॅक्ससाठी काढलेली किंमत) एचआरला किंवा स्टॉक पोर्टलवर विचारा, जुना आकडा घेऊ नका
- दोघांच्याही ताज्या पे-स्लिप, वर्षभरात व्हेस्ट होणाऱ्या आरएसयूच्या अंदाजासकट
- मागच्या वर्षीचं पूर्ण रिटर्न, त्यात फॉर्म ६२५१ (एएमटीचा हिशोब) आणि फॉर्म ८८०१ (आधी भरलेल्या एएमटीचं क्रेडिट) आहे का बघा
- आधी एक्सरसाइज केलं असेल तर फॉर्म ३९२१ (आयएसओ एक्सरसाइजची कंपनीने दिलेली नोंद) सगळे
- भारतातल्या एनआरओ, एनआरई एफडीचं व्याज आणि कापलेला टीडीएस. एएमटीसाठी फॉरेन टॅक्स क्रेडिटचा फॉर्म १११६ वेगळा करावा लागतो आणि हे खूप जण विसरतात. एनआरईचं व्याज भारतात टॅक्स-फ्री असलं तरी इकडे धरायचंच आहे, दोन्ही हिशोबांत

पायरी ४: एक्सरसाइजचं बटण दाबायच्या आधी गणित

हे एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होतं. एक जोडपं घेऊ, २०२६, जॉइंट रिटर्न, पगार आणि आरएसयू मिळून ३,६०,०००, स्टँडर्ड डिडक्शन ३२,२००.

रेग्युलर बाजू: ३,६०,००० वजा ३२,२०० म्हणजे ३,२७,८००. त्यावर टॅक्स ६३,८६८.

एएमटी बाजू, काहीही एक्सरसाइज न करता: ३,६०,००० वजा एक्झम्प्शन १,४०,२०० म्हणजे २,१९,८००. त्याचे २६ टक्के ५७,१४८. रेग्युलरपेक्षा कमी, म्हणून एएमटी शून्य. पण दोघांत ६,७२० चं अंतर आहे, आणि हे अंतर म्हणजेच तुमची मोकळी जागा.

आता यांच्याकडे १०,००० ऑप्शन्स आहेत, स्ट्राइक २ डॉलर, सध्याची किंमत २२. सगळे एकदम घेतले तर स्प्रेड २,००,०००. एएमटीचा पाया होतो ४,१९,८००. पहिल्या २,४४,५०० वर २६ टक्के, उरलेल्यावर २८, एकूण १,१२,६५४. त्यातून रेग्युलर ६३,८६८ वजा केले की एएमटी ४८,७८६ डॉलर. शेअर घ्यायला लागले २०,००० आणि त्यावर टॅक्स जवळजवळ ४९,०००. आणि हा टॅक्स कुठून भरणार तर बचतीतून, कारण शेअर विकलेलेच नाहीत.

उलट दिशेने विचारा, एएमटी शून्य ठेवून किती घेता येतील? उत्तर येतं साधारण २५,७०० चा स्प्रेड, म्हणजे १,२८० च्या आसपास ऑप्शन्स. दरवर्षी तेवढे तेवढे घेत गेलात तर एएमटी न भरता बरेचसे घेऊन होतात, अर्थात किंमत तोवर फार वाढली नाही तर.

याच जोडप्याचं घर असेल, सॉल्ट ४०,००० आणि मॉर्गेजचं व्याज १५,००० असं आयटमाइज केलं तर रेग्युलर टॅक्स ५८,३९६ वर येतो. छान. पण मोकळी जागा २५,७०० च्या स्प्रेडवरून १९,८०० वर येते. सॉल्टची मर्यादा वाढल्याचा हा आतला खर्च आहे, नवीन कायद्याच्या कौतुकात तो कुणी सांगत नाही.

पायरी ५: किती आणि केव्हा

माझं मत सरळ आहे, शक्य असेल तर जानेवारीत एक्सरसाइज करा. वर्षभर तुमच्याकडे निर्णय बदलायची सोय राहते. भाव पडला तर ३१ डिसेंबरच्या आत विकून टाका, त्याच कॅलेंडर वर्षात विकलं की एएमटीची अ‍ॅडजस्टमेंट जाते आणि प्रत्यक्ष जेवढा नफा तेवढाच साध्या इन्कममध्ये धरला जातो. भाव टिकला तर पुढच्या जानेवारीत एक वर्ष पूर्ण होतं, आणि ग्रँटपासून दोन वर्षं पण झाली असतील तर विकून लाँग टर्म रेट मिळतो, तोही १५ एप्रिलचं बिल भरायच्या आधी. डिसेंबरमध्ये केलंत तर हे सगळं हातातून जातं. डिसेंबर फक्त एका कामासाठी चांगला, वर्षाचं इन्कम पक्कं कळल्यावर उरलेली मोकळी जागा भरायला.

प्रायव्हेट कंपनी असेल तर विकायची सोय नसते, तिथे फक्त मोकळ्या जागेपुरतंच घ्या असं मी सांगतो, आयपीओची कितीही कुजबुज चालू असू दे.

लेऑफ झाला तर वेगळं. नोकरी सुटल्यावर आयएसओ म्हणून एक्सरसाइज करायला तीन महिने मिळतात, आणि एच-१बी वर असाल तर दुसरीकडे ६० दिवसांचा ग्रेस पिरियड पळतोय. व्हिसाच्या गडबडीत लोक ऑप्शन्सचं शेवटच्या आठवड्यात बघतात आणि घाईत सगळे घेऊन मोकळे होतात. त्या वर्षी पगार अर्ध्या वर्षाचाच असेल तर मोकळी जागा पूर्ण वर्षासारखी नसते, आकडे नव्याने मांडा.

नुकतेच स्टार्टअपमध्ये लागला असाल आणि कंपनी व्हेस्टिंगच्या आधी एक्सरसाइज करू देत असेल, तर किंमत आणि स्ट्राइक सारखीच असताना घेऊन ३० दिवसांत ८३(बी) इलेक्शन (टॅक्सचा हिशोब आत्ताच धरा असं आयआरएसला कळवणारा कागद) पाठवा. स्प्रेड शून्य, एएमटी शून्य. ३० दिवस म्हणजे ३०, एकतिसाव्या दिवशी कुणी ऐकत नाही.

पायरी ६: पैसे बाजूला काढा

आयएसओवर कुणी टॅक्स कापत नाही हे परत सांगतो. अंडरपेमेंट पेनल्टी टाळायची असेल तर सेफ हार्बर वापरा: मागच्या वर्षीचा एजीआय (अ‍ॅडजस्टेड ग्रॉस इन्कम) १,५०,००० च्या वर असेल तर मागच्या वर्षीच्या एकूण टॅक्सच्या ११० टक्के यावर्षी विदहोल्डिंग आणि एस्टिमेटेड मिळून वेळेवर भरलं की पेनल्टी नाही, मग एएमटी कितीही येऊ दे. बाकी रक्कम १५ एप्रिलला. विदहोल्डिंग वर्षभर सारखं भरलं असं धरतात, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये लक्षात आलं तरी डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) बदलून शेवटच्या पगारांतून जास्त कापून घेता येतं. एक्स्टेन्शन घेतलं तरी ते फॉर्म भरायला मिळतं, पैसे भरायला नाही.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर स्टेटचा स्वतःचा एएमटी आहे, ७ टक्के, शेड्यूल पी वर. तोही मांडा. टेक्सास, वॉशिंग्टनवाल्यांना पगारावर स्टेट टॅक्सच नाही, त्यांनी हा परिच्छेद विसरावा.

पायरी ७: रिटर्न भरताना

जानेवारी अखेरपर्यंत कंपनी फॉर्म ३९२१ देते, बहुतेक वेळा पोर्टलवर टाकून ठेवतात, ईमेल स्पॅममध्ये. बॉक्स ३ मध्ये स्ट्राइक, बॉक्स ४ मध्ये त्या दिवशीची किंमत, बॉक्स ५ मध्ये शेअर. ४ वजा ३, गुणिले ५, हा आकडा फॉर्म ६२५१ च्या ओळ २आय वर जातो. वर्षअखेर शेअर तुमच्याकडेच असतील तर. सॉफ्टवेअर डब्ल्यू-२ बरोबर हे आपोआप उचलत नाही, ३९२१ तुम्हालाच टाकावा लागतो. तुमच्या सीपीएला (टॅक्स अकाउंटंटला) तुम्ही सांगितलंच नाही तर त्याला कळायला काही मार्ग नाही.

दुसरा सापळा उलटा आहे. त्याच वर्षात विकले असतील तर नफा डब्ल्यू-२ मध्ये आलेला असतो, पण ब्रोकरच्या १०९९-बी (शेअर विक्रीचा फॉर्म) वर कॉस्ट फक्त स्ट्राइक प्राइस दाखवतात. तसंच भरलंत तर एकाच नफ्यावर दोनदा टॅक्स. फॉर्म ८९४९ वर बेसिस, म्हणजे नफा काढताना धरायची खरेदीची किंमत, दुरुस्त करा.

पायरी ८: भरलेला एएमटी परत मिळवा

हे सगळ्यात दुर्लक्षित. आयएसओमुळे भरलेला एएमटी बुडीत नसतो, तो क्रेडिट म्हणून पुढे जातो, त्याला मुदत नाही. पण फॉर्म ८८०१ दरवर्षी भरला पाहिजे. सॉल्टमुळे लागलेल्या एएमटीचं मात्र क्रेडिट मिळत नाही.

क्रेडिट किती वापरता येतं? त्या वर्षी रेग्युलर टॅक्स एएमटीच्या बाजूपेक्षा जेवढा जास्त तेवढंच. वरच्या जोडप्याने ४८,७८६ भरले आणि शेअर तसेच धरून ठेवले, तर तेच आकडे धरून दरवर्षी ६,७२० परत, म्हणजे सात वर्षांच्या वर. त्यांनी नंतर सगळे २२ लाच विकले तर? रेग्युलर हिशोबात बेसिस २ डॉलर, म्हणून नफा २,००,०००, त्यावर १५ टक्के म्हणजे ३०,००० टॅक्स. एएमटीच्या हिशोबात बेसिस २२, नफा शून्य. अंतर वाढून ३६,७२० झालं, तेवढं क्रेडिट एका वर्षात सुटलं. (नेट इन्व्हेस्टमेंट इन्कमचे ३.८ टक्के वेगळे, ते क्रेडिटने भरता येत नाहीत.)

म्हणजे प्रत्येक शेअरला दोन बेसिस आहेत आणि ते तुम्हालाच जपून ठेवायचेत. ब्रोकर फक्त एक दाखवतो. सॉफ्टवेअर बदललं, सीपीए बदलला, की पहिली गोष्ट हरवते ती एएमटीचा बेसिस आणि दुसरी ८८०१ चं कॅरीफॉरवर्ड. माझ्याकडे नवीन क्लायंट आला की मी आधी मागची सगळी ६२५१ मागतो, आणि बऱ्याचदा जुनं क्रेडिट तसंच पडलेलं सापडतं.

भाव २२ च्याही खाली गेला तर एएमटीच्या बाजूला कॅपिटल लॉस होतो, पण तो पण वर्षाला ३,००० च्या मर्यादेतच, त्यामुळे क्रेडिट झटकन सुटेल या आशेवर पडलेले शेअर विकू नका, आधी ८८०१ चा आकडा काढून बघा. एक साधी शीट करा: ग्रँटची तारीख, एक्सरसाइजची तारीख, शेअर, स्ट्राइक, त्या दिवशीची किंमत, विकल्याची तारीख, शिल्लक क्रेडिट. रिटर्नच्या पीडीएफ शेजारीच ठेवा आणि जो कोण तुमचं रिटर्न भरेल त्याला दरवर्षी पाठवा, त्याने मागितली नाही तरी.